बटन तरी ऱ्हाऊ दे

डोंबिवली पूर्व,
गुरुवार

प्रिय शेवंतीमावशी,

लक्ष्मीताईला मुलगी झाली हे तुझ्या जावयाने, नाथाभाऊंनी, बाबांच्या कंपनीत पेढे वाटले तेव्हाच बाबांकडून कळलं. बाळाचं जावळ तुझ्यासारखं दाट आहे म्हणे, आणि रडणंही तुझ्या बोलण्यासारखं, एकदा सुरू झालं की वरच्या मजल्यालाही कळावं असं. बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण आपल्या बिल्डिंगीत पाण्याची ही तऱ्हा, म्हणून माहेरच उठून टिटवाळ्याला सासरी गेलं, असं सगळे हसून सांगतात. आई बारशाला येऊन गेली. मी आले नाही. माझी परीक्षा आहे असं आईने तुला सांगितलं. कसली परीक्षा, मावशी? बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तूच जिन्यात साखर वाटली होतीस. तरी तू म्हणालीस म्हणे, "आसू दे आसू दे, अभ्यास करू दे पोरीला." आईला वाटलं तुला ते खरं वाटलं. मला माहीत आहे, तू आईची अडचण झाकलीस.

हे पत्र नाथाभाऊंच्या डब्याच्या पिशवीतून तुझ्याकडे येईल. फोन करता आला असता, पण फोनवर तू आधी "जेवलीस का" विचारतेस आणि मग मला पुढचं काही बोलता येत नाही. तू निघून गेल्यापासून इकडे माझ्याबद्दल लोक बोलतात, आणि तू तिकडून फोनवरसुद्धा माझ्या बाजूने भांडतेस असं ऐकते. तू कशासाठी भांडतेस ते तुला नीट माहीत असावं, म्हणून लिहिते. वाचून झाल्यावर भांडायचं की नाही ते तू ठरव.

सगळं तुझ्या एका वाक्यावरून सुरू झालं होतं. पालिकेचे ते तरुण इंजिनिअर पाहणीला आले होते, हातात मोबाईल, पायांत पांढरे बूट. त्यांनी विचारलं, "आजी, नळाला पाणी येतं का?" तू शिवणाच्या मशीनवरून न उठताच म्हणालीस, "येतं की सायेब. पाव्हण्यासारखं येतं. कधी येनार ते सांगत न्हाय, आलं की समदं टाकून त्याचं करायचं, आन् आपन भांडं लावतोय तवर निघालं बी!" ते हसले. आम्ही सगळ्याच हसलो. हसता हसता मला रडू आलं, कारण माझं कॉलेज त्या पाहुण्याच्या सरबराईतच गेलं होतं, कितीतरी पहिले तास बुडाले होते. मी म्हटलं, मावशी, हे कुणीतरी निवडणुकीत बोलायला पाहिजे. तू दाताने दोरा तोडलास आणि म्हणालीस, "मला कशाला सांगती? कालेज तू केलंस. ऱ्हा उभी."

मी उभी राहिले. तुला वाटलं असेल पोरगी धीट आहे. खरं तर मला भाषणं आवडायची. आपल्या प्रभागात चार जागा, चार रंगांचे कागद, चार बटणं, आणि महिलांसाठी राखीव असलेली 'ब' जागा गुलाबी कागदाची, हे मी घरोघर समजावून सांगत होते तेव्हा मला आपण शिक्षिका झाल्यासारखं वाटायचं. अर्जावर सूचक म्हणून तू सही केलीस. केवढी मोठी सही! चौकटीत मावेना म्हणून नावातलं 'ती' खाली आलं. टेबलावरचा कारकून म्हणाला, "आजी, बाहेर गेली सही." तू म्हणालीस, "जाऊ दे, तिला बी जरा हवा लागू दे." आणि परत येताना रिक्षात मला विचारलंस, "सूचक म्हंजी नेमकं काय गं?" मी सांगितलं, ही उमेदवार मी सुचवते, असं म्हणणारी व्यक्ती. तू थोडा वेळ बाहेर बघत राहिलीस. मग म्हणालीस, "म्हंजी माझ्या शब्दावर तू उभी. बरं बरं." ते 'बरं बरं' मला तेव्हा नुसतं गोड वाटलं होतं.

मग बादलीची धांदल. चिन्ह अजून मिळायचं होतं, माघारीची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी वाटणार होते. मला पुस्तक हवं होतं. तू म्हणालीस, "पुस्तक काय करायचंय, पानी ऱ्हातंय का त्याच्यात?" आणि चिन्ह मिळायच्या आधीच स्टेशनजवळून बादली घेऊन आलीस, तीही गुलाबी. "कागूद गुलाबी, बादली गुलाबी, म्हातारीलाबी चुकायचं न्हाय." साड्यांच्या फॉलचे उरलेले गुलाबी तुकडे जोडून तू प्रचाराला निघणाऱ्या बायकांसाठी पट्टे शिवायला घेतलेस. बाबा तेव्हा फारसं बोलत नव्हते, पण कंपनीत सगळ्यांना सांगत होते हे नाथाभाऊंनीच मला सांगितलं. आमच्या घरात पहिलं कुणी पदवीधर झालं ते मी, आणि त्याच वर्षी छापील मतदारयादी हातात घेऊन दारोदार फिरणारी पहिलीही मीच.

आपल्या 'ब' जागेसाठी सुरुवातीला पाच-सहा जणींचे अर्ज होते. मग त्यांच्यात काय ठरलं कोण जाणे, वरून फोन आले आणि एकेक नाव गळत गेलं. शेवटी उरलो दोघीच, हेमांगीताई आणि मी. त्यांच्या मागे पक्ष, गाड्या, नवऱ्याचं ऑफिस. माझ्या मागे तू आणि बादली. मी घाबरून तुझ्याकडे आले होते, आठवतं? आपण कशा जिंकणार, असं म्हटलं. तू मशीन थांबवलंस. "जिंकायचं ऱ्हाऊ दे गं. तू हायस तवर मतदान हाय. तू गेलीस की ती बिनविरोध. बटन तरी ऱ्हाऊ दे. मानसाला दाबायला काय तरी पायजेल." राज्यशास्त्राच्या तीन वर्षांत मला हे कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

आता माघारीच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळचं सांगते. तुला आईकडून थोडंफार कळलं आहे, पण आईने तुला ते सावरून सांगितलं असणार. मला वाटत होतं, आले तर चार-पाच माणसं येतील, दमदाटी करतील. मी मोबाईल चार्ज करून ठेवला होता, रेकॉर्डिंग करायचं म्हणून. आल्या त्या एकट्या हेमांगीताई. सोबतची माणसं खालीच थांबली. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, आणि हातात रुमालाने झाकलेलं ताट. मला वाटलं, साडी असेल, मी साफ नाही म्हणेन. रुमाल काढला तर आत निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी. त्या बाबांना म्हणाल्या, "दादा, वळखलंस? मी आवडीच्या वर्गातली."

आवडाआत्या तुला माहीत नाही, तू या बिल्डिंगीत येण्याच्या आधीच ती गेली. बाबांची एकुलती एक बहीण. हेमांगीताईंचं माहेर आमच्या गावाच्या पलीकडच्या वाडीत, आणि आत्याबरोबर त्या खरोखरच शाळेत होत्या, हे खोटं नव्हतं. दोघींनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागेतल्या काजू चोरल्या होत्या आणि काजूचा चीक लागून आत्याचे ओठ भाजले होते, तेव्हा बाबांनी तिला पाठुंगळीवर घेऊन घरी आणलं होतं, ही गोष्ट त्यांनी सांगितली. बाबा बघतच राहिले. आत्या गेल्यापासून भाऊबीजेला बाबा मुद्दाम ड्युटी मागून घेतात, घरी थांबत नाहीत. हेमांगीताई म्हणाल्या, "भाऊबीज ऱ्हवली तुझी, दादा. बस पाटावर." आईने पाट मांडला. डोक्यावर घालायला टोपी सापडेना म्हणून बाबांनी हात पुसायचा पंचा डोक्यावर घेतला. त्यांनी ओवाळलं. मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभी, आणि काय रेकॉर्ड करायचं ते मला कळेना.

ओवाळून झाल्यावर भाऊ विचारतो तसंच बाबांनी विचारलं. तोंडातून सवयीने आलं ते, मावशी. आत्याला विचारायचे तसंच. "सांग गो बाय, काय घालू तुका?" आणि खुंटीवरच्या शर्टाच्या खिशाकडे हात नेला. हेमांगीताईंनी ताटावर हात आडवा धरला. "पैशे नको माका, दादा. माका तुझ्या चेडवाचो अर्ज व्हयो." ओवाळणीत लेकीचा अर्ज मागताना आवाज अजिबात चढला नव्हता. उलट भरून आल्यासारखा होता, आणि तो खोटा होता असंही मला आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. बाबांचा हात खुंटीजवळच राहिला. शेवटी आई म्हणाली, "निरांजन विझात." हेमांगीताई उठल्या, बाबांच्या पाया पडल्या आणि ताट तिथेच ठेवून निघाल्या. दारातून म्हणाल्या, "ताट मागसून न्हेतंय." ओवाळणी न पडलेलं ते ताट आमच्या घरात राहिलं. बाबांनी ते उचलून कपाटावर ठेवलं. आम्ही कुणी त्याच्याकडे बघत नव्हतो आणि सगळे त्याच्याकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन अर्ज मागे घेतला. अधिकाऱ्यांनी कागद बघून विचारलं, "सूचक आलेत का? तुम्ही लिहून दिलं असतं तर त्यांनी आणलं असतं तरी चाललं असतं. तुम्हाला खेप पडली नसती." मी म्हटलं, त्यांना बरं नाही. तू तेव्हा घरी मशीनवर गुलाबी पट्टे शिवत होतीस, मावशी. धडधाकट होतीस. मी तुला आजारी पाडलं, कारण तुझ्या सहीने मी उभी राहिले होते आणि तुला न विचारता बसत होते. टेबलावरच्या मूळ अर्जावरची चौकटीबाहेर गेलेली तुझी सही मला दिसू नये म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ते तू सोसलंस. टँकरच्या रांगेत पलीकडच्या विंगेतल्या बायकांनी तुला विचारलं, "काय मावशी, किती मिळाले पोरीला? तुमचा वाटा पोचला ना?" आणि तू म्हणालीस, "माझ्या पोरीनं बापाचा शब्द राखला. पैशाचं नाव काढाल तर हीच बादली डोस्क्यात घालीन." मी वर गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे होते. सगळं ऐकू आलं. खाली येऊन तुझ्या शेजारी उभी राहायला मला फक्त दोन जिने उतरायचे होते. मी चादर पुन्हा झटकली आणि आत गेले. त्या आठवड्यातच तू टिटवाळ्याला गेलीस, जाताना बादली आमच्या दाराशी ठेवून. आईला म्हणालीस, "पानी भरायला व्हईल." तू चिडून ठेवली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

आणि मतदानाचा दिवस. संक्रांत आदल्या दिवशीच झाली होती, तुझ्या पदराला तिळाच्या लाडवांची पुरचुंडी बांधलेली होती. तू टिटवाळ्याहून खास मत द्यायला आली होतीस. मला तू दिसलीस, तुला मी दिसले नाही, कारण तू रांगेत पुढे होतीस आणि मी एका धिप्पाड बाईच्या मागे सरकले. शाळेचा वर्ग लहान, दार उघडं, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. तू यंत्रापाशी गेलीस आणि तिथूनच विचारलंस, "आवो म्याडम, गुलाबी कुठाय?" त्या बाई म्हणाल्या, "आजी, तीनच दाबायची आहेत. 'ब' बिनविरोध झालीय." "बिनविरोध म्हंजी?" "म्हणजे कुणी विरोध केला नाही." तेव्हा तू म्हणालीस, "आसं कसं? म्या केला की. माझी सही हाय." रांगेत हशा पिकला. एक जण म्हणाला, "आजी एकदम कडक!" त्या बाईसुद्धा हसल्या. तू हसली नाहीस. पांढरं, पिवळं, निळं दाबून तू बाहेर आलीस, बोटावरची शाई वाळवत, आणि मी त्या धिप्पाड बाईच्या पाठीमागून रांग सोडून शाळेच्या मुतारीकडे गेले. तू गेल्यावर परत येऊन मत दिलं. मला तिथे यंत्रावर चिकटवलेली पांढरी, पिवळी, निळी पट्टी दिसली, आणि गुलाबीची जागा कुणी दात काढल्यासारखी वाटली.

आता ज्यासाठी तू भांडतेस ते. बापाचा शब्द. मावशी, बाबांनी शब्द दिलाच नव्हता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. माघारीच्या दिवशी सकाळी ते ड्युटीला निघाले तेव्हा मी त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेले. ते तुझ्याच दाराशी थांबले. म्हणाले, "बाय, तिने मागितलं. मी गप्प राहिलो. गप्प राहिलो म्हणजे दिलं असं नाही. माझी बहीण असती तर तिने हे मागितलं नसतं. तू तुझं कर. ताट मी परत करीन." एवढं सरळ, एका दमात बोलताना मी बाबांना कधी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या हातातलं कारण त्यांनी काढून घेतलं होतं.

कारण मला कारण हवंच होतं. त्याआधी गिरणीत दळण टाकायला गेले तेव्हा आत दोन जणी बोलत होत्या. एक म्हणाली, "ती वरच्या मजल्यावरची पोर? बिचारी. घरच्यांचीच काय ती मतं पडायची." दुसरी म्हणाली, "आपण द्यायचं गं तिला एक, वाईट वाटेल नाहीतर." बस, एवढंच. कुणी धमकी दिली नाही, काही नाही. पण मला मोजणीचा दिवस दिसायला लागला. मोठ्याने वाचतील माझा आकडा. ज्या घरांत मी चहा प्यायले, ज्यांना चार रंग समजावले, त्यांतल्या कुणीच मला मत दिलं नाही हे आकड्यात छापून येईल. मला हरायची भीती नव्हती, मावशी, हरण्यावर तर मी निबंध लिहिला असता. मला मोजून घ्यायची भीती होती. म्हणून बाबा दिसेनासे झाले तशी मी वर गेले, साडी नेसले आणि अर्ज मागे घ्यायला निघाले. जाताना कपाटावरच्या ताटाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाबांसाठी करते आहे. आपण स्वतःशी किती चांगल्या मराठीत खोटं बोलू शकतो!

सही करून खाली उतरले आणि मला भूक लागली. आठवड्याभरात पहिल्यांदा. समोरच्या हॉटेलात मिसळ घेतली, जादा पाव मागितले, वर चहा. रस्सा पुसून खाल्ला. मला हायसं वाटत होतं. रडू वगैरे काही आलं नाही. मिसळ छान होती. आज हे लिहिताना मला त्या अर्जापेक्षा त्या जादा पावांची जास्त लाज वाटते. बाबा संध्याकाळी आले, त्यांना आईने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. मग आंघोळीला गेले. सगळी बिल्डिंग म्हणते, पोरीने बापाचा मान राखला, आणि ते मान खाली घालून ऐकून घेतात. माझा खोटेपणा ते स्वतःच्या नावावर वागवत आहेत.

नंतर महापौरपदाची सोडत निघाली. ते महिलेच्या वाट्याला आलं आणि हेमांगीताईंचं नाव पुढे झालं. तिथे हात वर करून मत द्यायचं असतं, मी मोबाईलवर लावून बसले होते, किती हात वर होतात ते बघायला. ऐनवेळी समोरच्यांनी माघार घेतली. तिथेही बिनविरोध. कुणाला हात वर करायची वेळच आली नाही. दोन दिवसांनी त्या ताट न्यायला स्वतः आल्या, लाल दिवा नाही, गाजावाजा नाही, पेढे घेऊन. बाबांनी ताट घासूनपुसून ठेवलं होतं, त्यात त्यांनी नारळ आणि ब्लाउजपीस घालून दिलं. म्हणाले, "ही माझी ओवाळणी. दुसरं मी काही दिलेलं नाही." हेमांगीताईंनी ताटातला नारळ सरळ केला. समजल्या असाव्यात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाषण करूचा आसा माका, सगळ्यांसमोर. माझा मराठी ह्या असा. तू लिवन दी. शिकलेली भाची आसा तर मी भायरच्याक कित्याक सांगू?" बाबा माझ्याकडे बघत होते. त्या वेळी नाही म्हणणं किती सोपं होतं! मी हो म्हटलं. पाण्याबद्दल लिहीन, म्हटलं. त्या म्हणाल्या, "लिव. माका पण नळाकडे उभी ऱ्हवन म्हायत आसा."

आणि मी लिहिलं, मावशी. मनापासून लिहिलं. एका बैठकीत. इतका आनंद मला प्रचारातसुद्धा झाला नव्हता. कुणी मोजणार नव्हतं, आणि माझे शब्द सगळं शहर ऐकणार होतं. काल त्यांना वाचून दाखवलं. एका ओळीला त्या थांबल्या, खळखळून हसल्या, पुन्हा वाचायला लावली, मग स्वतः म्हणून बघितली, पुन्हा पुन्हा. म्हणाल्या, "ह्या तर माझ्याच तोंडातला!" ती ओळ अशी आहे: 'आमच्याकडे नळाला पाणी पाहुण्यासारखं येतं. कधी येणार ते सांगत नाही, आलं की सगळं टाकून त्याचं करायचं, आणि आपण भांडं लावतो तोवर ते निघालेलं असतं.' मी फक्त तुझं 'पाव्हण्यासारखं' वगैरे शुद्ध केलं. बाकी सगळं तुझं आहे. घरी आल्यावर दारातल्या बादलीला माझा पाय लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

परवा शनिवारी त्या ते भाषण करणार आहेत, कल्याणच्या सभागृहात, आणि मोबाईलवर सगळीकडे दिसेल. लक्ष्मीताई बाळाला मांडीवर घेऊन लावेल, तू शेजारी असशील, आणि तुझं वाक्य तिच्या तोंडून ऐकशील जिच्याविरुद्ध तू सही केली होतीस. ते तुला त्या मोबाईलमधून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ओळ मी आत्ताच खोडू शकते. कालपासून पेन हातात घेऊन दोनदा बसले. पण मीच खोडली तर पुन्हा तुला न विचारताच झालं. एकदा मी तुझं बटण तुला न विचारता काढून टाकलं आहे. म्हणून हे एक ठेवलं आहे. उद्या नाथाभाऊंजवळ एवढाच निरोप दे, 'ठेव' किंवा 'काढ'. 'ठेव' म्हणालीस तर ओळीच्या आधी तुझं नाव येईल, शेवंतीबाई म्हणतात तसं, आणि ते त्यांना मान्य नसेल तर भाषण त्यांना दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं लागेल. 'काढ' म्हणालीस तर मी स्वतः त्यांच्याकडे जाईन आणि मागे घेईन. विचारलंच कुणी, सूचकाला बरं नाही का, तर सांगेन, ठणठणीत आहे, तिनेच सांगितलं आहे. बादली दारातच आहे. आईला मी तिच्यात पाणी भरू दिलेलं नाही.

तुझ्या सहीवर उभी राहिलेली,
तुझीच
रुचिता